कंसातला हशा

दोनशे चौदाव्या पानावर नवव्या ओळीत कोण हसलं होतं, एवढंच त्या मुलीला हवं होतं. मुलगी म्हणजे वकीलबाई, हॅना वाइस नावाची, आवाजावरून तिशीच्या आतली. बोलणं इतकं जपून की जणू अर्लीन टॉलिव्हर ही जुनी खिळखिळी खुर्ची आहे आणि तिच्यावर बेतानंच टेकायला हवं. अर्लीन सिंकपाशी उभी राहून कॉलर्डच्या भाजीची पानं देठापासून ओरबाडत होती. फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबलेला. सकाळचे साडेनऊ. फिलाडेल्फियात एप्रिलमध्ये पडतं तसलं, ऊब नसलेलं स्वच्छ ऊन ओट्यावर पडलं होतं.

"एक्याण्णव सालचा खटला आहे, मिस टॉलिव्हर. लेमार प्रूइट. तेव्हा पंधरा वर्षांचा होता. कोर्टात स्टेनो तुम्ही होता."

"असेन."

"शेवटच्या पानावर सही तुमची आहे."

"मग होतेच."

"येत्या गुरुवारी त्याची शिक्षा नव्यानं ठरणार आहे. वरच्या कोर्टाचा निकाल ठाऊकच असेल तुम्हाला. पोरवयात ज्यांना जन्मठेप झाली, त्या सगळ्यांच्या फायली उघडल्यात. लेमारचं तुरुंगातलं सगळं चांगलं आहे हो. शिकला, दुसऱ्यांना शिकवतो. पण सरकारी वकील त्या एका ओळीवर अडून बसलेत. म्हणतात, शिक्षा ऐकून पोरगं जज्जसाहेबांना उलटून बोललं आणि वर हसलं. मिस्टर बेल, म्हणजे जे गेले ते, त्यांची मुलगीही तेच म्हणते. ती मागे बसली होती. आणि कागदावर नुसतं 'हशा' आहे. कंसात. कुणाचा, ते नाही."

"हशाला आम्ही नाव घालत नाही."

"लेमार म्हणतो, तो हसलाच नव्हता. कुणीतरी बाई हसली म्हणतो. पांढरा ब्लाऊज, मोत्याची बटणं, वरून तिसरं बटण वेगळं."

अर्लीननं नळ सोडला. पाणी पानांवर पडलं, उसळलं आणि तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. "सव्वीस वर्षं झाली, बाळा," ती म्हणाली. "मला सकाळी चष्मा कुठे ठेवला ते दुपारी आठवत नाही." मुलगी समजूतदारपणे हसली, काही आठवलं तर फोन करा म्हणाली, नंबर सांगितला. अर्लीननं "हो, हो, लिहून घेतला" म्हटलं. हात ओले होते, जवळ पेन्सिल नव्हती. पण नंबर मनात चोख उतरला होता. तीस वर्षं ज्यांनी ऐकलेलं खाली उतरवण्याचीच नोकरी केली त्यांना तो भोग असतो. विसरणं त्यांना जमत नाही, फार तर विसरलो म्हणता येतं.

आणि विसरण्यासारखं त्या पानावर होतं तरी काय? न्यायालय : नैसर्गिक आयुष्य असेपर्यंत तुरुंगवास. आरोपी : कुणाचं? कंस, हशा, कंस पुरा. न्यायालय : शांतता. चार ओळी. तिनं त्या ओळी पाठ केल्या नव्हत्या, तिला त्या बोटांत आठवत होत्या. स्टेनोच्या मशीनला अक्षरं थोडी. चर्चमधल्या पियानोसारखी चार-पाच एकदम दाबली की शब्द उमटतो, आणि रोज लागणाऱ्या गोष्टींसाठी ज्यानं त्यानं आपली खूण ठरवलेली असते. हशासाठी अर्लीनची खूण डाव्या हाताची तीन बोटं आणि उजवा अंगठा, एकदम. अजूनही टीव्हीवर कुणी हसलं की मांडीवर तिची ती तीन बोटं हलतात. तिची थोरली बहीण जेनेव्हा म्हणते, तुला मेल्यावर पेटीत ठेवतील ना, तेव्हा पाद्रीबाबाचं भाषणसुद्धा तू उतरवून घेशील. कान ऐकतात, बोटं लिहितात आणि मधे आपण नसतो, असं ती शिकाऊ मुलींना सांगायची. सांगताना तिला फार बरं वाटायचं. कोर्टात इतकी माणसं होती, सगळ्यांना काही ना काही हवं होतं. तिला कुणाचंच काही नको होतं. ती त्या खोलीत नव्हतीच. निदान त्या दिवशी, जुलैच्या त्या उकाड्यात, सव्वातीन वाजेपर्यंत तरी नव्हती.

पोराच्या अंगात नवा शर्ट होता. आईनं दुकानातून आणून तसाच चढवला असावा. पाकिटातल्या घड्या छातीवर चौकोनी उमटलेल्या, कॉलरच्या आत पुठ्ठ्याची कड राहिलेली, ती मानेला टोचत होती म्हणून तो सारखी मान वाकडी करत होता. अर्लीनला त्या घड्यांचा राग आला होता. नीट आठवायचं तर तो रागच होता. इस्त्री फिरवायला काय झालं होतं त्या बाईला? इथे, या खोलीत, या सगळ्या गोऱ्या माणसांसमोर? त्या मजल्यावरच्या आठ स्टेनोंत अर्लीन एकटी काळी होती. नोकरी लागली त्याच्या आधीची दोन वर्षं ती आरशासमोर बसून शब्दांची शेवटची अक्षरं गिळायची नाहीत याचा सराव करायची, आणि जेनेव्हा बाथरूमच्या दाराबाहेरून ओरडायची, "महाराणी, तुमचं भाषण झालं असेल तर मला आत जायचंय." तिचे ब्लाऊज कायम पांढरे असत आणि इस्त्रीचे असत. कोर्टातला शिपाई तिला "अर्लीन" म्हणे आणि बाकीच्या सातजणींना "मिस". तीन वर्षांनी तोही तिला "मिस टॉलिव्हर" म्हणायला लागला. त्या दिवशी तिनं घरी जाताना बेकरीतून स्वतःसाठी एक पीच पाय, पीचची फळं भरलेला गोड पदार्थ, घेतला होता. अशी एकेक चिमूट गोळा करून तिनं स्वतःला रचलं होतं आणि त्या दिवशी समोर उभं होतं हे पाकिटातल्या घड्यांचं पोर. ज्या गल्लीतून ते आलं होतं ती तिच्या गल्लीपासून चार चौक. तो एका दुकानाचं दार धरून उभा राहिला होता. आत त्याच्या ओळखीच्या बावीस वर्षांच्या माणसानं गल्ला मागितला, दुकानाचे मालक मिस्टर ऑगस्टस बेल यांनी काउंटरखाली हात घातला आणि गोळी सुटली. दार धरणाऱ्याला आणि गोळी मारणाऱ्याला या राज्यात एकच शिक्षा होती. त्यात निवड नव्हती, जज्जसाहेबांनाही नव्हती. त्यांनी ती चष्मा पुसून वाचली, नैसर्गिक आयुष्य असेपर्यंत, आणि पोरानं मान वाकडी करून, कॉलर टोचत असताना, खरोखर कळून घ्यायचं म्हणून विचारलं, "कुणाचं?"

उद्धटपणा नव्हता त्यात. सव्वीस वर्षं ती आवाज ओळखण्याच्या धंद्यातली बाई म्हणून स्वतःला विचारत आली होती आणि उत्तर कधी बदललं नव्हतं. शाळेत गणित घालताना एखादं पोर विचारतं ना, बाई, सफरचंदं कुणाची, याची की त्याची, तसं ते होतं. सत्तरीचे जज्जसाहेब वर बसलेले, पंधराचा हा खाली उभा. आयुष्य असेपर्यंत म्हणजे कुणाचं धरायचं? माझं की तुमचं? तुमचं धरलं तर थोडीच वर्षं आहेत. त्याच्या बाजूनं हिशेब सरळ होता. आणि त्याच क्षणी नाकातून, आखूड, चिरका, दाबायला गेल्यामुळे आणखीच फुटलेला असा एक आवाज निघाला. कानांनी ऐकला. बोटांनी लिहिला. डावी तीन, उजवा अंगठा. लिहून झाल्यावर मग तिला कळलं की आवाज तिचाच आहे.

जज्जसाहेबांनी प्रेक्षकांकडे बघून शांतता म्हटलं. मशीनवरच्या बाईकडे कुणी कशाला बघेल? टेबल हसलं असं कुणाला वाटतं का? एक तो पोरगा तेवढा वळला. त्यानं तिच्या तोंडाकडे नाही पाहिलं, ब्लाऊजकडे पाहिलं, बटणांकडे, आणि मग त्याचे खांदे हलायला लागले. मागून ते हसण्यासारखंच दिसलं असेल.

"कुणाचा फोन?" जेनेव्हा पायऱ्या उतरत, एकेका पायरीला शिव्या देत, खाली आली. तिचे गुडघे गेले होते पण तोंड शाबूत होतं.

"कोर्टातला. जुनं काहीतरी."

"पेन्शन कापतायत?"

"नाही गं. जेनेव्हा, माझा एक पांढरा ब्लाऊज होता. मोत्याची बटणं."

"ज्याला मी माझ्या हिरव्या कोटाचं बटण लावलं होतं? महाराणींना सुई धरता येत नव्हती म्हणून? आठवतो. वाइटात वाईट लावलं होतं मी, मुद्दाम. आणि तू तीन वर्षं घातलास, तुला कळलंसुद्धा नाही." ती खुर्चीत बसली आणि अर्लीनकडे पाहत राहिली. "काय झालं? तोंड का असं केलंयस? पपांच्या मयतीत हसली होतीस तेव्हा केलं होतंस अगदी तस्सं."

"मी घाबरून हसले होते."

"मला काय सांगतेस? चिमटा मी काढला होता तुला. हॅटी मावशी म्हणत होती, या पोरीच्या अंगात काहीतरी शिरलंय. सगळं साउथ कॅरोलायना वर्षभर तेच बोलत होतं."

घाबरून. हा शब्द अर्लीननं उचलला आणि दिवसभर तोंडात धरला. माणसं घाबरून हसतात. डॉक्टरांनाही विचारा. नऊ वर्षांची असताना बापाच्या पेटीपाशी हसली, तेहेतिसाव्या वर्षी दुसऱ्याच्या पोराला जिवंत पेटीत घालताना पाहून हसली, यात गुन्हा कसला? संध्याकाळपर्यंत तिला ते जवळजवळ पटलं होतं. बुधवारी चर्चमध्ये, दाराशी उभी राहून लोकांना जागा दाखवण्याची तिची पाळी होती. पांढरे हातमोजे चढवताना ते पुन्हा पटेनासं झालं. कारण तिला आठवला तो कागद. ऑक्टोबरमध्ये अपिलासाठी नक्कल मागितली होती. तिनं याच स्वयंपाकघरात, मशीनमधून निघालेली घडीघडीची लांबलचक कागदी पट्टी ओट्यावर उलगडून, टाइप करायला घेतलं होतं. दोनशे चौदावं पान आलं. हशा. तो गाळला असता तर नोंद खोटी झाली असती. तिनं जन्मात कधी स्वल्पविराम गाळला नव्हता. नाव घातलं असतं तर पीच पायपासूनची सगळी कमाई गेली असती. मग तिनं काय केलं? जे होतं ते ठेवलं. कंस घातला. आणि शेवटच्या पानावर, वरील मजकूर खरा व पूर्ण आहे, असं लिहून त्याखाली सही केली, वळणदार. खोटं एक अक्षर नव्हतं. एवढी खरी गोष्ट तिनं आयुष्यात दुसरी लिहिली नसेल. त्या खरेपणावर एका बाईनं सव्वीस वर्षं बापाचा सूड जपून ठेवला होता, आणि एका पोराचे केस जाऊन तो टकला झाला असेल, असं कुणी सांगितलं असतं तर तेव्हाच्या अर्लीननं मान वर न करता विचारलं असतं, सांगणाऱ्यानं आपलं नाव सांगावं.

ऑक्टोबरमध्ये ती घाबरलेली नव्हती. कॉफी होती शेजारी, खिडकीत ऊन होतं. घाबरलेला माणूस कंस घालत नाही.

गुरुवारी ती बसनं गेली. वकीलबाईला फोन केला नव्हता. नुसतं बघायला जातेय, असं जेनेव्हाला सांगितलं. जेनेव्हा म्हणाली, "नुसतं बघायला माणूस एवढी इस्त्री करत नाही." कोर्ट नव्या इमारतीत गेलं होतं, पण वास तोच, ओल्या कोटांचा आणि कागदांचा. मशीनवर चोविशीची एक मुलगी होती, केसांच्या बारीक वेण्या वर बांधलेली. मशीन छोटं, पट्टी नाही, सगळं पडद्यावर. पण पाठ अगदी सरळ आणि चेहरा असा पुसलेला की तिथे कुणीच नाही. अर्लीन मागच्या एका बाकावर बसली. बाकावर शेजारी एक म्हातारी येऊन बसली, डोक्यावर जांभळी हॅट, हातात पर्स. तिनं पर्समधून पेपरमिंट काढलं, एक आपल्या तोंडात टाकलं, एक अर्लीनपुढे धरलं. "घे, घसा सुकतो इथे. तू कुणाकडची, बाळा? आमच्याकडची की त्यांच्याकडची?"

अर्लीननं पेपरमिंट घेतलं. "मी इथेच कामाला होते," ती म्हणाली.

"म्हणजे कुणाकडचीच नाही," म्हातारी समजूत पटल्यासारखी म्हणाली. "मी लेमारची आई. क्लियोटा. देवानं मला आजच्यापुरतं ठेवलंय, असं डॉक्टर म्हणतो. मी म्हटलं, डॉक्टर, आजच्यापुरतंच बघ, उद्याचं मी बघते."

मग त्याला आणलं. टकला नव्हता, पण केस पांढरे झाले होते, चष्मा होता, खांदे रुंद झाले होते. अंगात नवा शर्ट. छातीवर चौकोनी घड्या. अर्लीननं म्हातारीकडे पाहिलं तर ती त्या घड्यांकडेच बघत होती, आणि काय पण बघत होती! कुणीही, तुरुंगातल्या कुणीही, त्या शर्टाला त्याच्याआधी हात लावलेला नव्हता, दुकानातून थेट त्याच्या अंगावर. तेवढी एक गोष्ट तिनं त्याच्यापर्यंत कोरी पोचवली होती. इस्त्री फिरवायला काय झालं होतं त्या बाईला! पेपरमिंट अर्लीनच्या जिभेवर झोंबत राहिलं.

मिस्टर बेल यांची मुलगी पुढच्या रांगेत होती. इव्हेट बेल, पन्नाशीची, नर्सच्या गणवेशातच आलेली. तिला बोलायला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. "माझे वडील काउंटरखाली बंदूक काढायला वाकले नव्हते," ती म्हणाली. "इन्सुलिन होतं तिथे. असो. मी माणसाला माफ करू शकते. मी रोज माणसं मरताना बघते. पण हा हसला, मॅडम. मी ऐकलं. माझ्या कानांत आहे ते." सरकारी वकिलांनी पान उघडलं आणि ते चार ओळी सपाट आवाजात वाचून गेले. लेमार खाली बघत होता. हॅना वाइस उठली आणि म्हणाली की नोंदीत नाव नाही, आणि तिच्या आवाजावरून कळत होतं की तिच्यापाशी यापुढे काही नाही.

जज्ज आता बाई होत्या. त्यांनी ते पान स्वतःपुढे ओढलं, वाचलं, परत वाचलं. मग कुणा एकाला नाही, त्या खोलीलाच विचारल्यासारखं विचारलं, "हे हसणं कुणाचं?"

तोच शब्द. त्याच्यासारखाच, खरोखर कळून घ्यायचं म्हणून. अर्लीनला वाटलं आपण अजून बसलोच आहोत, पण हाताखाली पुढच्या बाकाची कड होती आणि म्हातारी तिच्याकडे मान वर करून बघत होती, म्हणजे ती उभी होती.

"माझं," ती म्हणाली.

शिपाई पुढे आला. "बाई, खाली बसा, इथे असं बोलता येत नाही." हॅना वाइस वळली, तिचं तोंड उघडं राहिलं. आणि मशीनवरच्या मुलीनं, शिकवलेलं असतं तशी, दोन बोटं वर केली. "बोलणाऱ्यांचं नाव हवं. स्पेलिंगसकट."

तीस वर्षांत अर्लीननं हे वाक्य हजारो माणसांना सांगितलं होतं. तिनं आपलं नाव सांगितलं, एकेक अक्षर, मधे बरोबर तेवढंच थांबत. मुलीच्या डोळ्यांत काहीतरी हललं; ते नाव तिनं जुन्या पानांखाली पाहिलं असणार. सरकारी वकील हरकत घेत होते, हॅना वाइस दोन वाक्यं एकदम बोलत होती, जज्जबाईंनी दोघांना थांबवलं आणि अर्लीनला पुढे बोलावून शपथ दिली. तुम्ही तेव्हा स्टेनो होता? होय. हसण्याची नोंद तुम्ही केली? होय. आणि हसलातही तुम्हीच? होय. आरोपी? नाही, मॅडम. तो रडत होता. तो वळून माझ्याकडे बघत होता आणि रडत होता. इव्हेट बेलनं दोन्ही हात कानांवर ठेवले, जणू आत जे होतं ते सांडू नये.

"का हसलात?" जज्जबाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यामुळे पळायला जागा उरली नाही.

उत्तर तयार होतं. नऊ वर्षांची मुलगी, बापाची पेटी, हॅटी मावशी, चिमटा. सगळं खरं, आणि साक्षीला जेनेव्हा जिवंत. खोलीनं ते ऐकून माना डोलावल्या असत्या, म्हातारीनं कदाचित आणखी एक पेपरमिंट दिलं असतं. कंस घालायला आणखी एक जागा समोर होती, नीटनेटकी. अर्लीननं लेमारकडे पाहिलं. तो तिच्या तोंडाकडे बघत नव्हता. आजच्या पांढऱ्या ब्लाऊजकडे बघत होता, वरून तिसऱ्या बटणाकडे.

"मला त्याच्या लोकांतली समजू नये म्हणून," ती म्हणाली, पण आवाज शेवटच्या अक्षरांशी बसला. तीच अक्षरं, जी गिळू नयेत म्हणून तिनं दोन वर्षं आरशापुढे घालवली होती.

मशीनवरच्या मुलीचे हात थांबले. तिनं दोन बोटं वर केली. तिचा नाइलाज होता, कामच तसं. "माफ करा, मॅम," ती हळूच म्हणाली. "नीट आलं नाही. परत सांगाल?"

अर्लीननं घसा साफ केला. इव्हेट बेलकडे तोंड केलं, मग जांभळ्या हॅटकडे, मग पुन्हा त्या मुलीच्या हातांकडे, जे वर धरून वाट बघत होते.

"मी त्या पोराला हसले," ती म्हणाली, मोठ्यानं, मुलीला पुरेल इतकं सावकाश. "गोऱ्या माणसांनी मला त्याच्या लोकांतली समजू नये म्हणून."

आणि मुलीची बोटं एकदम खाली आली.